किताब कुणाचा? अ‍ॅम्प्टहिल घराण्यातलं पंचावन्न वर्षांचं प्रकरण

१९२१ मध्ये जन्मलेल्या एका मुलाचा बाप कोण, या प्रश्नावर इंग्लंडात दोनदा ज्यूरी बसली, अपिलं झाली, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (संसदेचं उमरावांचं सभागृह, तेव्हा शेवटचं अपील कोर्टही तेच) तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. वर्तमानपत्रांनी इतका धुरळा उडवला की संसदेला कायदा करावा लागला. आणि एवढं होऊनही १९७६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा लॉर्ड्सच्या समितीपुढे येऊन उभा राहिला, कारण आता बापाच्या पश्चात किताब कुणाकडे जाणार हे ठरायचं होतं.

कायद्याच्या ग्रंथांत हे प्रकरण घराण्याच्या नावानेच नोंदलेलं आहे, त्यामुळे ते नाव झाकण्यात अर्थ नाही. कुटुंबातल्या माणसांची नावं मात्र इथे वगळली आहेत. नवरा, बायको, थोरला आणि धाकटा एवढ्यावर काम भागतं. वकील आणि न्यायाधीश सार्वजनिक आयुष्यातले, त्यांची नावं तशीच ठेवली आहेत. त्यातली दोन तर आपल्या शालेय इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीची आहेत.

पार्श्वभूमी: सनद आणि वारस

अ‍ॅम्प्टहिलचे बॅरन हा उमरावकीचा, वंशपरंपरेने चालणारा किताब १८८१ चा. बर्लिनमधले ब्रिटिश राजदूत ओडो रसेल यांना तो मिळाला. रसेल म्हणजे बेडफर्डच्या ड्यूकांचं घराणं. पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल हे ओडोंचे काका, आणि तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल याच वेलीच्या दुसऱ्या फांदीवरचे. दुसरे लॉर्ड अ‍ॅम्प्टहिल मद्रासचे गव्हर्नर होते. १९०४ मध्ये कर्झन रजेवर विलायतेला गेले तेव्हा काही महिने हंगामी व्हाइसरॉयही झाले. पुढे १९०९ मध्ये ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांचं गाऱ्हाणं घेऊन गांधीजी लंडनला गेले, तेव्हा त्यांच्यासाठी सरकारदरबारी शब्द टाकणाऱ्यांत हे गृहस्थ होते. आपल्या गोष्टीतला नवरा हा त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे भावी तिसरा बॅरन.

किताब राजाच्या सनदेने मिळतो आणि तो पुढे कसा जायचा हे त्या सनदेतच लिहिलेलं असतं. अशा बहुतेक सनदांतलं कलम एकच: मूळ धारकाच्या पोटचे औरस पुरुष वंशज. मुलीला नाही. लग्नाआधी झालेल्या मुलाला नाही, आईबापांनी नंतर रीतसर लग्न केलं तरीही नाही. इंग्लंडच्या १९२६ च्या कायद्याने अशा मुलांना औरस ठरवलं, पण किताबाचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. घरदार, जमीनजुमला, चांदीची भांडी मृत्युपत्राने हवी त्याला देता येतात. किताब देता येत नाही, विकता येत नाही, आवडत्या मुलाच्या नावे करता येत नाही. बाप जिवंत असेपर्यंत वारसाच्या हातात काही नसतं आणि बाप गेल्यावर बापाच्या इच्छेला किंमत नसते.

दत्तकालाही नाही. हे वाचून सातारा, नागपूर, झाशी आठवणं साहजिक आहे. डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यं खालसा केली, तेव्हा त्यामागे उघड राजकीय हाव होती, यात वाद नाही. पण ज्या समाजातून तो आला होता तिथे दत्तकाची कायदेशीर सोयच नव्हती, हेही खरं. इंग्लंडात दत्तकाचा कायदा आला तो १९२६ मध्ये, साताऱ्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने. आणि त्यानंतरही दत्तक मुलगा बापाच्या किताबावर बसू शकत नाही, आजही नाही.

लग्न

१९१८ च्या ऑक्टोबरात लग्न झालं. नवरा आरमारातला, साडेसहा फुटांच्या आसपास उंच, मित्रांत त्याला बांबूच्या पायांवरून चालणाऱ्याचं टोपणनाव पडलेलं. बायको उमराव घराण्यातली नव्हे. महायुद्धात तिने दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलं होतं, पुढे लंडनच्या कर्झन स्ट्रीटवर स्वतःचं कपड्यांचं दुकान काढलं आणि ते चालवून दाखवलं. घोड्यावर पक्की, बोलायला फटकळ, नाचायला रात्री दोनलाही तयार. सासूसासऱ्यांना ही सून पसंत नव्हती. लग्नाला ते आले नाहीत.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. लग्नाआधीच तिने सांगितलं होतं की मूल इतक्यात नको. त्याने ते मान्य केलं. प्रत्यक्षात मात्र दोघांत पूर्ण शरीरसंबंध कधी झालाच नाही, आणि पुढच्या सगळ्या कोर्टबाजीत दोन्ही पक्षांना मान्य असलेली ही जवळजवळ एकमेव गोष्ट होती. नवरा नोकरीमुळे बाहेर असे, ती त्याला पत्रं लिही, आणि त्या पत्रांत आपल्याभोवती घुटमळणाऱ्या तरुणांची वर्णनं खुशाल करी. लपवाछपवीचा स्वभाव नव्हता तिचा. वकिलांच्या हाती पडल्यावर तीच पत्रं तिच्यावर उलटली.

पेच

१९२० च्या डिसेंबरात दोघं बेडफर्डजवळच्या सासरच्या घरी, ओकली हाउसमध्ये राहिली आणि एका खोलीत झोपली. १९२१ च्या उन्हाळ्यात बायको सहज म्हणून एका भविष्य सांगणाऱ्या बाईकडे गेली. तिने सांगितलं, तू पोटुशी आहेस. विश्वास बसेना म्हणून ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तपासून दोन गोष्टी सांगितल्या: गरोदरपण खरं, आणि शरीराच्या खुणा कुमारिकेच्या. १५ ऑक्टोबर १९२१ ला मुलगा झाला.

तिचं म्हणणं: डिसेंबरातल्या त्या रात्री नवऱ्याने जवळीक केली होती, पूर्ण संबंध झाला नाही, पण मूल त्याचंच. त्याचं म्हणणं: तसं काही घडलंच नाही. वैद्यकीय साक्षीत असं निघालं की पूर्ण संबंधाशिवाय गर्भ राहणं दुर्मीळ असलं तरी अशक्य नाही. म्हणजे डॉक्टरांची साक्ष कुणालाच पुरेशी नव्हती. कुमारिकेच्या खुणा नवऱ्याच्या विरोधात जितक्या जात होत्या तितक्याच कल्पित प्रियकराच्याही.

साध्या घरात हा नवराबायकोचा प्रश्न राहिला असता. इथे तो मुलगा बॅरनच्या थोरल्या मुलाचा थोरला मुलगा होता. नवरा गप्प बसला तर दोन पिढ्यांनी हेच मूल हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जाऊन बसणार होतं.

नवऱ्यापुढचे पर्याय

गप्प बसणं हा पहिला. विवाहबंधनात झालेलं मूल नवऱ्याचंच, हे कायद्याचं गृहीतक आपोआप लागू झालं असतं. दोघं खाजगी करार करून वेगळी राहू शकली असती, तशी त्या वर्गात कैक जोडपी राहत.

दुसरा, लग्न रद्द करून घेणं. कुणालाही वाटेल की संबंधच झाले नाहीत तर हाच सरळ रस्ता. पण त्या काळी त्यासाठी शारीरिक असमर्थता सिद्ध करावी लागे. जोडीदाराने हट्टाने नकार देणं हे कारण कायद्यात आलं १९३७ साली. शिवाय तान्हं मूल कुशीत घेतलेली बायको कोर्टात समोर असताना संबंध झालाच नाही हे कुणाला पटवायचं?

तिसरा घटस्फोट. १९२१ मध्ये पुरुषाला बायकोचा एक व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बाईला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर आणखी काही दाखवावं लागे, तो भेद १९२३ मध्ये गेला. म्हणजे कायदा त्याच्या बाजूचा. अडचण पुराव्याची. साक्षीदार नाही, हॉटेलचं बिल नाही, कबुली नाही. होतं ते फक्त मूल, आणि मूल आपलं नाही हे सांगणारा एकटा तो.

त्याने तिसरा रस्ता धरला. घरच्यांचं पाठबळ होतं, आणि मला विचाराल तर घाईही होती. या दाव्यात हरलो तर काय होईल, याचा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही.

कोर्टात: १९२२ ते १९२४

पहिला खटला १९२२ च्या जुलैत उभा राहिला. नवऱ्याचे वकील सर जॉन सायमन, ज्यांच्या कमिशनला सहा वर्षांनी आपल्याकडे काळे झेंडे दाखवले गेले ते हेच. बायकोच्या बाजूने पॅट्रिक हेस्टिंग्ज, पुढे मजूर पक्षाच्या पहिल्या सरकारात ॲटर्नी जनरल. सायमन थंड डोक्याचे, कायद्यात मुरलेले. साक्षीच्या पिंजऱ्यातली बाई मात्र त्यांना पुरून उरली. पत्रातली वाक्यं वाचून दाखवली की ती नाकारायची नाही, वर हसून तिला जोड द्यायची. नवऱ्याने दाव्यात ज्यांची नावं घेतली होती त्या पुरुषांबाबत ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं. कुणा अनोळखी पुरुषाशी संबंध होता का, यावर त्यांचं एकमत होईना.

१९२३ मध्ये पुन्हा खटला. या वेळी नवऱ्याकडून सर एडवर्ड मार्शल हॉल, ज्यूरीला रडवण्यात आणि चिडवण्यात तितकेच तरबेज. ज्यूरीने कौल दिला: व्यभिचार झाला, पुरुष अज्ञात. घटस्फोटाचा हुकूम निघाला, अपील कोर्टाने तो कायम केला.

खटला लॉर्ड्सपुढे गेला तेव्हा तिच्या वकिलांनी वस्तुस्थितीवरचा भर काढून घेतला आणि एक जुना नियम पुढे केला. १७७७ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सांगून ठेवलं होतं की लग्नानंतर जन्मलेल्या मुलाला अनौरस ठरवण्यासाठी आमच्यात संबंध झाले नाहीत अशी साक्ष नवऱ्याला किंवा बायकोला देता येणार नाही. सभ्यता आणि धोरण ही त्यामागची कारणं. प्रश्न एवढाच होता की हा नियम घटस्फोटाच्या दाव्यातही लागू होतो का. १९२४ मध्ये पाच न्यायाधीशांपैकी बर्कनहेड, फिन्ले आणि डनिडिन म्हणाले होतो. सम्नर आणि कार्सन म्हणाले नाही. तीन विरुद्ध दोन. नवऱ्याची साक्ष बाद झाली आणि तिच्याबरोबर दावाच कोसळला, कारण त्या साक्षीखेरीज दाव्यात काही नव्हतंच. (बर्कनहेड त्याच वर्षाअखेर भारतमंत्री झाले आणि १९२७ मध्ये त्यांनीच सायमन कमिशन नेमलं. लंडनचं वर्तुळ किती लहान होतं पाहा.)

या निकालावर तेव्हाही टीका झाली. ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे त्याचंच तोंड कायद्याने बांधायचं, हे कुणालाही विचित्र वाटेल. नियम अखेर १९४९ मध्ये कायद्याने काढून टाकला गेला. या जोडप्याला त्याचा उपयोग नव्हता.

दरम्यान रोजच्या रोज सगळा तपशील छापून येत होता. पाचवे जॉर्ज वैतागले. १९२६ चा कायदा त्यातून आला: घटस्फोटाच्या खटल्यातली नावं, आरोपांचा सारांश, कायद्याचे मुद्दे आणि निकाल एवढंच छापायचं, साक्षी छापायच्या नाहीत. बायकोच्या अंथरुणाची उजळणी चहाबरोबर वाचायची सोय एका कायद्याने गेली.

बायकोची खेळी: १९२६

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण १९२४ च्या निकालाशी रेंगाळतात. माझ्या मते खरी बाजी लागली ती दोन वर्षांनी, फारसा गाजावाजा न होता.

१९२४ मध्ये ती जिंकली म्हणजे नेमकं काय झालं? व्यभिचार सिद्ध झाला नाही, घटस्फोट मिळाला नाही, बस्स. मूल औरस आहे असं कोर्टाने जगाला बांधील राहील अशा रीतीने सांगितलं नव्हतं. तो निकाल नवराबायकोपुरता. उद्या सासरे वारले, नवरा बॅरन झाला, त्याने दुसरं लग्न केलं, त्याला मूल झालं, तर कोणीही उठून थोरल्याच्या जन्माचा प्रश्न पुन्हा उकरू शकला असता.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. जिंकलो म्हणून थांबायचं, चार वर्षांच्या लोकनिंदेनंतर ते कुणालाही समजण्यासारखं होतं. किंवा पुन्हा कोर्टाची पायरी चढायची. १८५८ च्या एका कायद्याने आपण औरस आहोत असा जाहीर निवाडा कोर्टाकडून मागता येत असे. त्यात सरकारच्या वतीने ॲटर्नी जनरलला पक्षकार करावं लागे, म्हणजे दोन माणसांनी संगनमत करून निवाडा पदरात पाडून घेऊ नये. तिने मुलाच्या वतीने अर्ज केला. वेळही अचूक साधली. १९२४ चा निकाल ताजा होता, त्यामुळे नवऱ्याची साक्ष या कामातही चालणार नव्हती. १९२६ मध्ये निवाडा मिळाला: मूल आईबापांचं औरस अपत्य. तेव्हा मुलगा पाच वर्षांचाही नव्हता.

या निवाड्याला कायद्यात पळवाट एकच मोठी होती. तो फसवणूक करून किंवा संगनमताने मिळवला असेल तर बांधील नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

मधली वर्षं

घटस्फोट झाला १९३७ मध्ये. त्याआधी १९३५ ला सासरे वारले आणि नवरा तिसरा बॅरन झाला, त्यामुळे मधली दोन वर्षं ती रीतसर लेडी अ‍ॅम्प्टहिल म्हणून वावरली. नवऱ्याने पुढे दोन लग्नं केली. तिसऱ्या बायकोपासून १९५० मध्ये त्याला मुलगा झाला. हा धाकटा. थोरला तोवर एकोणतिशीकडे आलेला, लग्न झालेला, स्वतः मुलाचा बाप. त्याने पुढे नाटकांच्या व्यवसायात नाव काढलं. आईने उतारवयात आयर्लंडमधल्या गॉलवे परगण्यात समुद्राकाठचा एक जुना बुरुजवजा वाडा घेतला आणि शिकारीच्या घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसणं काही सोडलं नाही.

बापाने थोरल्याला आपलं म्हटलं नाही.

१९७३: दोन दावेदार

१९७३ मध्ये तिसरे बॅरन वारले आणि किताबावर दोघांनी हक्क सांगितला. तेव्हाची पद्धत अशी की दावेदार राणीकडे अर्ज करी, तो गृहमंत्र्यामार्फत जाई, ॲटर्नी जनरलचं मत घेतलं जाई, आणि वाद खरा असेल तर तो लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीकडे येई. समितीत कायदेपंडित लॉर्ड असत, तसे इतरही.

थोरल्यापुढे एक वाट अशी होती की किताब सोडून द्यावा. १९६३ च्या कायद्याने किताब मिळाल्यापासून वर्षाच्या आत त्यावर पाणी सोडता येतं. पण ते पाणी आपल्या हयातीपुरतं. नंतर किताब सोडणाऱ्याच्याच वारसाला जातो, म्हणजे इथे थोरल्याच्या मुलाला. सावत्र भावाला काही मिळालं नसतं. भाऊबंदकी मिटवायला आपल्याकडे एखादी पट्टी सोडून देतात, तसं किताबाचं करता येत नाही. दुसरी वाट रक्त तपासणीची. १९६९ च्या कायद्याने इंग्लंडच्या दिवाणी कोर्टांना अशा तपासणीचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला होता, आणि औरसपणाचं गृहीतकही पूर्वीइतकं अभेद्य राहिलं नव्हतं; शक्यतेचं पारडं दुसरीकडे झुकलं तरी ते मोडता येत होतं. हे सगळं वारं धाकट्याच्या दिशेने वाहणारं. म्हणून थोरल्याने तिसरी वाट घेतली: १९२६ चा निवाडा समोर ठेवायचा आणि म्हणायचं, प्रश्न संपलेला आहे.

धाकट्याची बाजू लंगडी नव्हती. निवाडा झाला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, माझं म्हणणं कुणी ऐकलं? बापाच्या साक्षीवर बंदी घालणारा नियम आता संसदेनेच रद्द केला आहे, मग त्या नियमाच्या जोरावर मिळालेला कागद मला का बांधावा? आणि निवाडा फसवणुकीने मिळवला, म्हणून तो मुळातच पोकळ आहे. कायद्यातलं ते वाक्य इथे कामाला आलं.

निकाल

१९७६ मध्ये समितीने थोरल्याच्या बाजूने कौल दिला. फसवणुकीचा आरोप करणं सोपं, पण त्यासाठी कोर्टाला जाणूनबुजून फसवलं असं दाखवणारा ठोस पुरावा हवा. पन्नास वर्षांपूर्वी ज्या साक्षीवर भांडून झालं तीच पुन्हा खोटी म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. न जन्मलेल्याच्या आक्षेपाबद्दल: माणूस औरस आहे की नाही हा त्याचा दर्जा, तो सगळ्या जगापुढे एकच असायला हवा. उद्या जन्मणाऱ्या प्रत्येकाला तो उकरायची मुभा दिली तर असला कुठलाच निवाडा कधी अंतिम होणार नाही.

लॉर्ड विल्बरफोर्स यांनी या निकालात लिहिलेला भाग वादाच्या शेवटाबद्दल इंग्रजी कायद्यात अजून उद्‌धृत होतो. त्यांचं म्हणणं असं की कोर्टाने ठरवलेली वस्तुस्थिती अपुरी असू शकते, हे कायद्याला ठाऊक आहे. तरी जमेल तितका चांगला आणि सुरक्षित निर्णय करून कायदा पुस्तक मिटतो. याच निकालात लॉर्ड सायमन (हे वेगळे, ग्लेझडेलचे) यांनी मातृत्व प्रसूतीने सिद्ध होतं असं लिहिलं, आणि आज सरोगसीच्या वादांत वकील ते वाक्य काढून दाखवतात.

मूल खरोखर कुणाचं, हे समितीने ठरवलं नाही. तिला ते ठरवायची गरजच उरली नव्हती.

आई त्याच वर्षी वारली. थोरला चौथा बॅरन झाला, सभागृहात रमला, पुढे लॉर्ड्सच्या समित्यांचा अध्यक्षही झाला. १९९९ मध्ये वंशपरंपरागत उमरावांपैकी ९२ सोडून बाकीच्यांना सभागृहाबाहेर काढलं, तेव्हा त्या ९२ मध्ये तो होता. २०११ मध्ये तो वारला आणि किताब त्याच्या मुलाकडे गेला.

काय वेगळं करता आलं असतं

आधी नवरा. सहानुभूती ठेवूनही म्हणावं लागतं की त्याच्या दाव्यानेच थोरल्याला चिलखत चढवलं. तो गप्प बसला असता तर १९२४ चा निकाल झाला नसता, आणि बायकोला निवाडा मागायचं काही कारण पडलं नसतं. मग १९७३ मध्ये थोरल्याच्या हाती नुसतं गृहीतक उरलं असतं, तेही १९६९ नंतरचं भुसभुशीत गृहीतक. बापाने जपून ठेवलेली पत्रं, रोजनिशी, वकिलांकडे करून ठेवलेलं निवेदन, रक्ताचा नमुना या सगळ्याला तेव्हा किंमत आली असती. अर्थात १९२१ मध्ये पंचविशीतल्या माणसाला हे कसं दिसावं? पण त्याच्याभोवती इंग्लंडातले सगळ्यात महागडे वकील होते. १७७७ चा नियम त्यांना नवा नव्हता. तो घटस्फोटाला लागणार नाही यावर त्यांनी जुगार खेळला आणि अपील कोर्टापर्यंत तो जिंकलाही.

सासूसासऱ्यांबद्दल कायद्याच्या ग्रंथांत फारसं काही नाही, पण घराबद्दल समज असलेल्या कुणालाही तिथे भेग दिसेल. सून घरात घेतली असती तर हा कज्जा बैठकीच्या खोलीत मिटण्याची थोडीतरी शक्यता होती.

बायकोच्या बाजूने पाहिलं तर तिने जवळजवळ काही चुकवलं नाही, पत्रं सोडून. किंमत मात्र जबर मोजली. आणि तिच्या यशात एक कटू भाग आहेच: ती खरं बोलत होती की नाही याला अखेरपर्यंत महत्त्व नव्हतं. खरी असती तरी नियमाने जिंकली, खोटी असती तरी नियमानेच जिंकली असती. मला स्वतःला ती खरी वाटते. इतक्या बेधडक बाईने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर याहून सोपं, पटणारं खोटं निवडलं असतं.

धाकट्याचा निर्णय सर्वांत अवघड. अर्ज न करता त्याने सोडून दिलं असतं तर बापाचं आयुष्यभराचं म्हणणं त्यानेच मातीत घातल्यासारखं झालं असतं. अर्ज केला तर यश फसवणूक सिद्ध करण्यावर टांगलेलं, आणि घटना अर्ध्या शतकापूर्वीची. आजचा वकील त्याला बहुधा हेच सांगेल की निवाडा फोडता येत नसेल तर रक्ताकडे बोट दाखवून उपयोग नाही.

आपल्याकडेही हा गुंता वेगळ्या रूपात आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६, विवाहकाळात झालेलं मूल नवऱ्याचंच मानतं. नवराबायकोला एकमेकांना भेटण्याची संधीच नव्हती असं दाखवलं तरच ते मोडतं. विदर्भातल्या एका पोटगीच्या दाव्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवाल या गृहीतकाहून वरचढ मानला. पण ऊठसूट अशी तपासणी मागता येणार नाही, हेही आपली कोर्टं सतत सांगत आली आहेत. मुलाला त्या कज्ज्याची शिक्षा नको, ही चिंता दोन्हीकडे एकच.

आज ब्रिटनमध्ये अ‍ॅम्प्टहिलसारखं काही उद्‌भवलं तर? त्याचं उत्तर २०१६ मध्ये मिळालं. प्रिंगल घराण्याच्या १६८३ च्या बॅरनेटसीवर, म्हणजे बॅरनच्या खालच्या पायरीवरच्या वंशपरंपरागत किताबावर, दोन शाखांचा वाद होता. प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने डीएनए पुरावा ग्राह्य धरला आणि शंभरेक वर्षांमागच्या एका जन्माच्या आधारे किताब दुसऱ्या शाखेला दिला. इतक्या जुन्या गोष्टी उकरायला काळाची मर्यादा असावी का, हे संसदेने ठरवावं, असंही सुचवलं. त्या घराण्यात औरसपणाचा १९२६ सारखा कोर्टाचा निवाडा कुणी घेऊन ठेवलेला नव्हता.